पुरस्कारप्राप्त घुमटाखाली

आमच्या कंपनीला एखादा पुरस्कार मिळाला की बाकीच्यांच्या तोंडात संत्रा बर्फी जाते आणि मी जुने हिशेब पुन्हा तपासायला काढते. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बाहेर, संत्र्याच्या बागा संपून कारखान्यांच्या शेडा सुरू होतात, तिथे आमची कंपनी आहे. आम्ही लोखंडी घुमट बांधतो. लग्नाचे हॉल, शाळांची सभागृहं, देवळांचे सभामंडप. पोकळ पाइप आणि ते जोडणारे पोलादी बॉल, यांची जाळी वर चढवायची, तिच्यावर पत्रा घालायचा आणि मधे एकही खांब न ठेवता खाली गावाला जेवायला बसवायचं. "मधे एकही खांब नाही" हे वाक्य आमचे मालक छाती फुगवून सांगतात. त्याच वाक्याने मला घाम फुटतो, कारण त्या घुमटाचा हिशेब तपासून, तो माणसांच्या डोक्यावर ठेवायला लायक आहे असं सांगणारी सही माझी असते.

मी लहानपणापासून भित्रीच. आई मला भित्री भागूबाई म्हणायची आणि अजूनही म्हणते. झोक्यावर बसायच्या आधी मी दोरी ओढून बघायचे, फांदी बघायचे, आणि तोवर बाकीच्या पोरींचे चार झोके घेऊन व्हायचे. पुढे हीच खोड माझी नोकरी झाली. पगार मिळतो म्हणून तिला आता कोणी खोड म्हणत नाही, एवढाच फरक.

मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. माणूस मनाचा मोठा, पण कौतुकाचा भुकेला. त्यांच्या खुर्चीमागची भिंत प्रमाणपत्रांनी भरलेली आहे. गुणवत्तेचं प्रमाणपत्र, वेल्डिंगचं प्रमाणपत्र, कामगारांच्या सुरक्षिततेचं प्रमाणपत्र, आणि मधे काचेच्या कपाटात पुरस्कारांच्या बाहुल्या. शेजारचा पांढुर्णा तालुक्याचा जिल्हा झाला तसा भाऊंचा जीवही तालुक्यात मावेना. नवी फ्रेम आली की नारळ फुटायचा, फ्रेमला हार पडायचा, आणि फोटोत भाऊ मला बळेच पुढे ओढायचे. त्या सगळ्या फोटोंत माझा चेहरा दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागलेल्या बाईसारखा आहे.

मला वाटायचं, प्रमाणपत्र नसताना काही वाकडं झालं तर लोक म्हणतील, नवी कंपनी आहे, चुकली. भिंतभर प्रमाणपत्रं असताना झालं तर तोंड कुठे लपवायचं? एकदा मी हे भाऊंना सांगितलं. त्यांनी हसून बर्फीचा आणखी एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

लोधीखेड्याच्या बाजूला एका गावात देवीचं देऊळ आहे. गाभारा जुना, दगडी, आणि पुढचा सभामंडप आमचा. तो घुमट माझा आवडता होता, हेही सांगून टाकते. उन्हात पत्र्यातल्या पारदर्शक पट्ट्यांतून येणारा उजेड फरशीवर पडायचा आणि बाया त्या उजेडात बसून फुलांच्या माळा ओवायच्या. मागच्या वर्षी त्या घुमटाला उत्कृष्ट पोलादी बांधकामाचा पुरस्कार मिळाला. भाऊंनी लगेच मंडपाच्या दारात माणसाच्या उंचीचा बोर्ड लावला. वर मोठ्या अक्षरांत "पुरस्कारप्राप्त घुमट" आणि खाली आमच्या सगळ्या प्रमाणपत्रांचे रंगीत फोटो. देवीच्या आधी लोकांना आमचं दर्शन.

या वर्षी त्याहून मोठ्या, देशपातळीवरच्या पुरस्कारासाठी तोच घुमट शेवटच्या फेरीत पोचला. दोन परीक्षक बघायला येणार होते, आणि भाऊंनी त्यांना दिवस दिला नवरात्राच्या पहिल्या माळेचा. मंडप माणसांनी भरलेला दिसला पाहिजे, हा हिशेब. त्याआधी एकदा नजर टाकून ये, म्हणून त्यांनी मला पाठवलं. बऱ्याच महिन्यांत मी तिकडे गेले नव्हते.

आत गेले, चप्पल काढली, आणि सवयीने वर पाहिलं.

घुमटाला घंटा लटकत होत्या. नवस फेडायला त्या देवळात पितळी घंटा बांधायची रीत आहे, ती मला माहीत होती. त्यासाठी आम्ही मंडपाबाहेर वेगळी लोखंडी चौकट करून दिली होती. ती गच्च भरली होती. मग लोकांनी मंडपातली दिवे लावायची शिडी घेतली आणि घुमटाच्या पाइपांना तारेने, साखळीने, लाल कपड्याने घंटा बांधत सुटले. खालच्या ओळीत तर जागा उरली नव्हती. वरच्या ओळीतही चढले होते. एक घंटा तर दोन माणसांनी उचलावी एवढी होती. कोण्या कापसाच्या व्यापाऱ्याची असावी, कारण तिच्यावर त्याच्या खानदानाची नावं कोरलेली खालूनही दिसत होती.

आता हे नीट सांगते. आमचा पाइप टोकाकडून दाबला तर पुष्कळ दाब सोसतो. त्यासाठीच तो केलेला असतो. पण त्याच्या मधोमध वजन टांगलं की तो वाकायला लागतो, आणि एकदा वाकला की दाब सोसायची त्याची ताकद जाते. मग त्याचा भार शेजारच्यावर जातो, शेजारच्याचा त्याच्या शेजारच्यावर. मी एकेक पाइप बघत गेले. मोठ्या घंटेचा पाइप सरळ नव्हता. घरात कपडे वाळत घातलेली काठी मधे झुकते तसा झुकला होता, थोडासा, ज्याला माहीत नाही त्याला दिसलाही नसता.

त्याच्या खाली बाया माळा ओवत बसल्या होत्या. एक म्हातारी भिंतीला टेकून झोपली होती. ओरडावं तर पळापळ होईल, शिडी पडेल, काय होईल सांगता येत नाही. मी त्या बायांजवळ गेले आणि म्हणाले की बाहेर चहा आला आहे. हे खोटं होतं. म्हातारीला मी हात धरून उठवलं. सगळ्या बाहेर पडल्या. मग मी दारात दोरी बांधली आणि बाहेर पायरीवर बसून राहिले. चहा कुठे आहे म्हणून बायांनी दोनदा विचारलं.

देवस्थानाचे अध्यक्ष संत्र्याचे मोठे बागायतदार. समंजस माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाइपाकडे मान वर करून पाहिलं आणि त्यांना तो सरळच दिसला. मी म्हटलं, घंटा आजच्या आज उतरवा. त्यांनी मला गावची रीत सांगितली. नवसाची घंटा ज्याने बांधली त्यानेच काढावी. दुसऱ्याने हात लावला तर नवस त्याच्या अंगावर येतो. आणि फेडलेला नवस उतरवायला स्वतःहून कोण येणार? कोणाला लेकरू झालेलं, कोणाचं ऑपरेशन नीट झालेलं.

"अन् ताई, तुमच्या भाऊनंच तं एवढे सर्टिफिकेट लावले दारात," ते म्हणाले. "लोक ते वाचते अन् म्हनते, एवढ्या मजबूत घुमटाले घंटीनं काय होते. आता तुम्हीच भिऊन राहिल्या तं आम्ही कोनावर भरोसा ठेवाव?"

बोर्डावर माझीही सही होती, मी दिलेल्या दाखल्याच्या फोटोत. ती मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. मग विचारलं की पहिली घंटा घुमटाला बांधू कोणी दिली. अध्यक्ष चपलेने माती उकरत राहिले. म्हणाले, बांधली कोणीतरी, तिच्याकडे पाहून बाकीच्यांनी बांधल्या.

मी तिथूनच भाऊंना फोन केला, की पाइप वाकलाय, लगेच टेकू लावून मंडप बंद ठेवावा लागेल. त्यांनी आधी विचारलं, आजच पडेल का? मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि हे खरंच होतं. माहीत असतं तर एवढी भीती वाटली नसती. ते म्हणाले, मग परीक्षक येऊन जाऊ दे, दुसऱ्या माळेला आपण सगळं करू. टेकू लावलेला घुमट दाखवून कोणाला पुरस्कार मिळतो? इतक्या वर्षांची मेहनत आहे, पोरी. ते लबाड नाहीत, फक्त त्यांची भीती दुसऱ्या बाजूला होती.

मी म्हटलं, "भाऊ, मी माझी सही वापस घेतो. तुम्ही मंडप भरवा, पन माह्या सहीवर नाई."

नोकरी गेली, असं मी धरून चालले. मग ते म्हणाले की सकाळी टेकूंची गाडी पाठवतो, पण घंटांना आपला एकही माणूस हात लावणार नाही, आणि तसं मी कोणाला सांगणारही नाही.

पांढुर्ण्याला घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. घरात आम्ही दोघीच. मी तिला सगळं सांगितलं, वाकलेला पाइप, झोपलेली म्हातारी, रीत, सगळं. एरवी ती मला हसली असती. त्या दिवशी तिने मेथीची जुडी तशीच खाली ठेवली आणि विचारलं, घंटीनं लोखंड वाकते? मी म्हटलं, वाकतं. ती उठून देवापुढे गेली आणि तिथेच बसून राहिली. मेथी मीच निवडली.

सकाळी ती लुगडं नेसून तयार. म्हणाली, मी पन येतो. मला वाटलं, दर्शनाला. पांढुर्ण्याहून सौंसरला आणि तिथून पुढे, अख्ख्या बसच्या प्रवासात ती डोळे मिटून जप करत होती. माझं लक्षही नव्हतं. दर खड्ड्याला बस आदळली की मला वाटायचं, तिकडे पडलं.

पडलं नव्हतं. गाडी पोचली होती, भाऊही आले होते. आमच्या पोरांनी जीव मुठीत धरून त्या पाइपाच्या भोवती टेकू उभे केले. टेकू लागले, पण वरचं वजन तसंच. वजन उतरल्याशिवाय पाइप बदलता येत नव्हता, आणि पाइप बदलल्याशिवाय टेकू काढता येत नव्हते. अष्टमीला त्या मंडपात सगळ्या पंचक्रोशीचा महाप्रसाद असतो. गाव दोरीच्या बाहेर जमलं होतं. अध्यक्षांनी हात जोडून सांगितलं की ज्याची त्याने घंटा उतरवून घ्यावी. लोक एकमेकांकडे पाहायला लागले. कोणी हललं नाही. एक बाई पोराला पदराखाली घेऊन मागच्या मागे निघून गेली. शिडीपाशी उभ्या असलेल्या आमच्या वेल्डरने हात मागे बांधून घेतले होते, चुकून घंटेला लागू नयेत म्हणून. भाऊ बोर्डाला टेकून जमिनीकडे बघत होते.

तेवढ्यात आई दोरीखालून आत गेली. मी हाक मारली, ती थांबली नाही. बरोबर टेकूंच्या पलीकडे, जिथे जायला मी सगळ्यांना मनाई केली होती, तिथे ती उभी राहिली आणि वर बोट केलं.

"ते लाल कपड्यातली माही हाय," ती म्हणाली. "सगळ्यायच्या आधी मीच बांधली इथं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. अध्यक्षांनी मान खाली घातली. त्यांना ठाऊक होतं. इंजिनिअर बाईच्या आईनेच घुमटाला घंटा बांधली म्हटल्यावर कोण कोणाला अडवणार होतं? मला राग आला, खोटं कशाला सांगू. जन्मभर मला भित्री म्हणणारी ही बाई माझ्याच घुमटाला वजन टांगून गेली होती, मला न सांगता. कशासाठी, तेही मी मनात ठरवून टाकलं. पुरस्कारासाठी. भाऊंसारखी तीही.

आईने वेल्डरला जवळ बोलावलं, स्वतः शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढली, आणि तिच्या कापऱ्या हातांनी गाठ सुटेना. तो खालून तिला धरून होता, पण घंटेला शिवला नाही. शेवटी तिने दातांनी कपडा तोडला. घंटा छातीशी धरून ती खाली उतरली आणि लोकांकडे वळली.

"घुमट चढून राह्यला होता तवा हे रोज भेवानं जेवत नोती," माझ्याकडे मान करून ती म्हणाली. "मी देवीले म्हनलं, माह्या पोरीच्या छताखाली कोनाले काही नोको होऊ देऊ. घंटी त्याच्यासाठी बांधली. आता घंटी काढल्यानंच कोनाले काही होत नसन, तं देवी काय राग धरन?"

मग ती जाऊन बाहेर पायरीवर बसली, घंटा मांडीवर घेऊन. थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. मग त्यांच्या मागे एक सून आणि सासू. दुपारपर्यंत शिडीखाली रांग लागली. काहींचा पत्ताच नव्हता, त्यांच्या घंटा आईने स्वतः सोडवून घेतल्या. कोणाचा नवस अंगावर यायचा असेल तर माझ्या येऊ दे, माझं वय झालं, असं ती अध्यक्षांना म्हणाली. व्यापाऱ्याची मोठी घंटा भाऊंनी दोर लावून उतरवली. त्यांच्या पांढऱ्या शर्टाला पितळेचा हिरवा डाग पडला, आणि त्यांनी तो झटकलासुद्धा नाही.

पहिल्या माळेला परीक्षक आले. दोघेही सभ्य. त्यांनी टेकू पाहिले, दोरी पाहिली, कोपऱ्यात रचलेल्या घंटा पाहिल्या. मी सगळं खरं सांगितलं. त्यातल्या एकाने हिंदीत म्हटलं की तुम्ही ठीक केलंत, आणि चहा घेऊन ते गेले. पुरस्कार दुसऱ्या कोणाला मिळाला. भाऊंनी कोणाला काही म्हटलं नाही, पण बोर्ड काढायला ते स्वतः गेले. आता तिथे लहान पाटी आहे, घुमटाला काहीही टांगू नये अशी.

पाइप बदलला. शेजारचे सगळे तपासले. अष्टमीच्या आदल्या दिवशी टेकू उतरवायचे होते. हा क्षण मला कोणत्याही घुमटाच्या वेळी सहन होत नाही. एकेक टेकू थोडा थोडा खाली घ्यायचा, आणि टेकू नि पाइपामधे फट दिसली की समजायचं, घुमट आता स्वतःच्या बळावर आहे. दिसली. मी पुन्हा मोजून घेतलं, मगच सही केली. तरी मी सगळ्यांना बजावलं की आज कोणी आत जायचं नाही, उद्या सकाळी मी परत बघेन आणि मग पंगत. एवढं झाल्यावरही कशाला, असं भाऊंनी विचारलं नाही. त्यांनाही माझी लागण झाली असावी.

मी अवजारं मोजून वळले, तर आई मंडपाच्या मधोमध बसलेली. पाय पसरून, पिशवीतून संत्रं काढून सोलत. घंटा तिने आणली नव्हती. ती घरी स्वयंपाकघराच्या फळीवर होती.

मी दारातूनच म्हटलं, "आई, बाहेर ये. उद्यापर्यंत कोनी बसायचं नाई."

"तू सही केली ना?"

"केली."

"मंग?"

भाऊंच्या भिंतीवरच्या एवढ्या फ्रेमा मी पाहिल्या, पण आईच्या त्या बसण्याएवढं भय कोणत्याच प्रमाणपत्राचं वाटलं नव्हतं. तिला ओढून बाहेर काढावं, असं मला वाटत होतं. तसं केलं असतं तर माझ्या सहीचा अर्थ काय राहिला असता, हेही कळत होतं. मी दोरीखालून आत गेले आणि तिच्या शेजारी फरशीवर बसले. नजर आपोआप वर गेली, नव्या पाइपावर, मग त्याच्या शेजारच्यावर.

तिने संत्र्याच्या दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या. तेव्हा मला दिसलं की तीही वरच बघत होती.